उंबराखालचं बोलणं

धायरी, पुणे ४११०४१
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. शेफाली हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी सवयीने ‘चि. सौ.’ लिहून गेले आणि मग ‘सौ.’वर काट मारली. कागद बदलणार होते, पण या आठवड्यात ह्याच पत्राचे चार कागद फाडून झालेत, तेव्हा काट दिसली तर दिसू दे.

तुझा तेजपूरचा पत्ता कुठून मिळाला ते पुढे येईलच. फोन का केला नाही ते मात्र आत्ताच सांगते. नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावायलाही घेतला. पण मी स्वतःला ओळखते. तू ‘हॅलो’ म्हणालीस की मी तिकडे थंडी किती, डास आहेत का, तांदूळ कुठला मिळतो असं विचारत बसेन आणि ‘बरंय, ठेवते’ म्हणून ठेवून देईन. कागदावर तसं पळता येत नाही. येतं, पण मग कागद फाडावा लागतो.

इकडे सगळं ठीक आहे. रीत म्हणून लिहीत नाही, खरंच ठीक आहे. गुडघा सकाळी माझ्या आधी उठतो, एवढीच तक्रार. सिंहगड रस्त्यावरच्या पुलाचं काम अजून चालूच आहे. माझ्या हयातीत होईल असं आमोद म्हणतो, मी त्याला तारीख विचारत नाही. यंदा चारही धरणं भरली. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी पेपरात मी आधी धरणाचा साठा वाचते. लोक आनंदाने वाचतात, मी टंकलेखनाच्या चुका शोधत वाचते. दिवाळीला चकल्या केल्या. निम्म्या तुटल्या. त्या आम्ही खाल्ल्या आणि अखंड होत्या त्या वाटल्या.

आपल्या समोरच्या फ्लॅटमध्ये आता अमिनाबी राहायला आल्यात. माझ्याच वयाच्या, त्रेसष्ट-चौसष्टच्या. घरी मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात अलिझा. आल्या त्याच आठवड्यात दार वाजवून त्यांनी विचारलं, “ताई, इथे पाणी किती वाजता येतं?” शेफाली, तीस वर्षं ज्या खात्यात काढली त्याच्याबद्दल मला कुणीतरी आपणहून प्रश्न विचारत होतं. मी अर्धा तास उत्तर दिलं. पुढे ओळख झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “त्याच दिवशी मी घरी सांगितलं, समोरच्या बाईंना बोलायला कुणी नाही.”

त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून आम्ही दोघी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचो. रोज पंचवीस. एक दिवस त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्या गाड्यांचे नंबर पाठ झाले मला. तुमच्या पुण्यात झाडंबिडं नाहीत का कुठे?” स्वतः जन्मल्या घोरपडे पेठेत, पण गैरसोय झाली की पुणे माझं असतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “आंबेदरा आहे की.”

अडीच वर्षांत ते नाव मी घेतलं नव्हतं.

तुला वेगळं सांगायला नको. डोणज्याच्या पुढे दोन डोंगरांच्या मधला तो जुना तलाव, वनखात्याचं उद्यान, हिरव्या, निळ्या आणि लाल बाणांच्या तीन वाटा. दर रविवारी आमोद उशीत तोंड खुपसून झोपलेला असायचा आणि आपण दोघी सकाळी साडेसहाला तिथल्या फाटकावर. सासू-सून सकाळी एकत्र कुठे जातात म्हणून खालचे लोक आधी बघायचे. मग त्यांनाही सवय झाली. तू काठावर उकिडवी बसून पाण्यातली पानं उलटीपालटी करायचीस आणि मी मागे उभी राहून तुझी पिशवी धरायचे. कितीतरी नावं तू मला शिकवलीस. कुमुदिनी तेवढी लक्षात राहिली, कारण तिला मी आधी कमळाचं पिल्लू म्हणाले होते आणि तू हसलीस.

कोजागिरीनंतरच्या रविवारी अलिझाने आम्हाला गाडीतून तिथे नेलं. मुलगी गुणी आहे. बोलते मात्र अशी: “दादी, तुम्ही ग्रीनवाला ट्रेल घ्या, तो बिगिनर्ससाठी आहे. मी इथे कँटीनला असाइनमेंट करत बसते, ओके?” अमिनाबी म्हणाल्या, “बिगिनर काय? चालायला मी वयाच्या पहिल्या वर्षीच शिकले.” आणि नव्या बुटांत ताठ मानेने निघाल्या.

फाटकावर जयसिंगच होता, तोच तो पहारेकरी. मिशा पिकल्यात. त्याने मला ओळखलं, आणि माझ्या मागे बघत म्हणाला, “आन् मॅडम? वनस्पतीवाल्या? त्या न्हाय आल्या व्हय?”

“त्या बाहेरगावी असतात,” मी म्हणाले.

“आल्या की सांगा, वरल्या अंगाला त्यांचं ते पांढरं फूल लई झालंय यंदा. मी काढू देत न्हाय कुनाला.”

मी मान हलवली आणि चालू लागले. अमिनाबींनी हे सगळं ऐकलं. आणि मी त्यांना इतके दिवस सांगत आले होते, की माझा मुलगा एकटाच आहे. ते खोटं नव्हतं. तो एकटाच आहे. फक्त तो आधीपासून एकटाच होता असं त्यांना वाटत होतं आणि मी ते वाटू दिलं होतं.

गवत पिवळं पडायला लागलं होतं. पाणी बांधाच्या पायऱ्यांना टेकलेलं. आम्ही हिरव्या बाणाने निघालो खऱ्या, पण उन्हापावसाने बाणांचे रंग असे उडालेत की हिरवा कुठला आणि निळा कुठला हे ज्याने रंगवले त्यालाही सांगता यायचं नाही. अर्ध्या तासाने पाहिलं तर बांध खाली राहिला होता आणि आम्ही टेकाडावर. अमिनाबींना वर येताना दम लागला होता, मला परत उतरायची भीती. उतारावर माझा गुडघा ऐकत नाही. मग दोघींनी ठरवलं, पुढेच जायचं. तलावाला वळसा घालून वाट कुठेतरी फाटकाकडे जाणारच. म्हातारपणी एवढा शहाणपणाचा निर्णय मी बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता, आणि तो चुकीचा होता. ती लाल वाट होती. सात किलोमीटर.

पण काय सांगू तुला, मजा आली. अमिनाबींनी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि हातात एक काठी घेतली. मध्येच थांबून म्हणाल्या, “मकसूद असते तर म्हणाले असते, अमिना, घरी गाद्या आहेत, इथे दगडावर कशाला बसतेस?” मकसूदभाई त्यांचे यजमान, सोफे आणि गाद्या करायचे. वारले त्याला सहा वर्षं झाली. त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा चालू लागल्या. आमच्या वयात ह्या तिन्ही गोष्टी एका उतारावर होतात.

तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आणि समोर ते उंबराचं झाड आलं. खाली तो सपाट खडक.

मी म्हटलं, पुढे बसू. अमिनाबी म्हणाल्या, “पुढे ऊन आहे, इथे सावली आहे. पुढे का?” आणि बसल्यासुद्धा. मग मीही बसले. बसले ती नेमकी त्या दिवशी बसले होते तिथेच, तुझ्या डाव्या हाताला.

अमिनाबींनी डबा उघडला. खिमा नव्हता, माझ्यासाठी मुद्दाम मेथीचे पराठे केले होते.

“सून आहे तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“होती.”

“कुठे असते?”

“आसामात.”

“भांडून गेली?”

“नाही,” मी म्हणाले. “विचारून गेली.”

“मग?”

आणि मग मी त्यांना सांगितलं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी इथे लिहिते, कारण ते माझ्या अक्षरात कुठेतरी असायला हवं.

रविवार, २७ फेब्रुवारी २०२२. त्या एका रविवारी आमोदही आपल्याबरोबर आंबेदऱ्याला आला होता. ह्याच उंबराखाली आपण तिघं बसलो होतो. तू त्याला म्हणालीस, की तेजपूरचं पाणवनस्पतींचं काम मला मिळतंय, दोन वर्षांचं आहे, मी जाऊ का? आमोद संत्रं सोलत होता. तो म्हणाला, “जा की. दोनच वर्षं ना? मी येत जाईन मधूनमधून. तिकडचा चहा घेऊन ये.” आणि संत्र्याच्या दोन फोडी तुला दिल्या, दोन मला. मी ऐकलं. माझे कान तेव्हाही चांगले होते, आजही आहेत.

तू तिकडे होकार कळवलास. मग दीड महिन्याने आमोद फिरला. का फिरला ते त्याचं त्याला माहीत. घाबरला असावा. पाडव्यानंतरच्या शनिवारी तुझ्या बाबांच्या घरी, सदाशिव पेठेत आपण चौघं बसलो, तेव्हा तो म्हणाला, मी असं कधी म्हणालोच नाही, हिने परस्पर ठरवलं. तू रडली नाहीस, आवाजही चढवला नाहीस. फक्त म्हणालीस, “आई तिथेच होत्या. त्यांना विचारा.”

तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “मला नाही बाई तसं काही आठवत.”

आणि ते तुला म्हणाले, “शेफाली, मतभेद असू देत. पण निदान खोटं बोलू नकोस.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग चहाचे चारही कप आत नेऊन विसळलेस, पालथे घातलेस आणि पायऱ्या उतरून गेलीस. जूनमध्ये आसामला गेलीस. पुढच्या वर्षी घटस्फोटाची कागदपत्रं झाली. दोन वर्षं संपल्यावरही परत आली नाहीस.

एवढं सांगून झालं. अमिनाबींनी पराठ्याचा तुकडा संपवला, हात धुतला, बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या ताई, आईचं काळीज असतं. लोक असंच म्हणतात. मला तेच हवं होतं बहुतेक.

त्या म्हणाल्या, “हे तुम्ही मला का सांगताय? माझं काय बिघडवलंत तुम्ही?”

मी डबा झाकायला घेतला.

“जिचं बिघडवलंत तिला सांगा. आणि तिच्याही आधी तिच्या वडिलांना. त्या माणसाने तुमच्या एका शब्दावर आपली पोरगी खोटी ठरवली.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “उठा आता. बसून राहिलात तर हा धरेल.”

परतीची वाट उताराची होती. त्यांनी मला काठी दिली आणि माझा दुसरा हात धरला. फाटकाच्या अलीकडे जयसिंग आम्हाला शोधत येताना दिसला आणि त्याच्या मागे अलिझा, रडकुंडीला आलेली. “दादी! किती कॉल केले मी! नेटवर्क नाही, काही नाही! माझा हार्ट अटॅक व्हायचा बाकी होता.” अमिनाबी म्हणाल्या, “बिगिनर्सच्या वाटेनेच आलो, थोडी लांब पडली.” मी गाडीत बसले ती घरापर्यंत झोपले. कित्येक महिन्यांत अशी गाढ झोप लागली नव्हती.

तुला वाटेल, त्याच संध्याकाळी मी आमोदशी बोलले असेन. नाही. दिवाळी तोंडावर होती. मग दिवाळी होती. मग भाऊबीज. निमित्त मला कधी कमी पडलेलं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या सोमवारी, तो सकाळी पोहे खात होता. आता पुढचं निमित्त थेट तुळशीच्या लग्नाचं होतं, तेव्हा मी समोर बसले आणि सांगितलं. तू ‘जा’ म्हणालास, मी ऐकलं होतं, आणि तिच्या बाबांसमोर मी खोटं बोलले.

त्याने पोह्यांतल्या मिरच्या एकेक करून ताटलीच्या कडेला काढल्या. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाला, “मला वाटलं होतं तू खरंच विसरलीस.”

“नाही.”

“मला बरं वाटलं होतं, आई. तुला आठवत नाही म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, की कदाचित मी म्हणालोच नसेन.”

“तू म्हणाला होतास.”

“हो,” तो म्हणाला. “म्हणालो होतो.”

ऑफिसला गेला. चार दिवस आम्ही गॅस सिलिंडर, इस्त्रीचे कपडे आणि वरच्या मजल्यावरची गळती एवढ्यावरच बोललो. मी रोज एक कागद लिहीत होते आणि फाडत होते. शुक्रवारी संध्याकाळी मी म्हणाले, उद्या मी सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे जाणार आहे. कुठल्या डॉक्टरांकडे ते त्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, “सोडतो मी. रिक्षाने जाऊ नकोस.”

काल सकाळी स्कूटरवर गेलो. तो खाली थांबला. वर ये असं मी म्हणाले नाही.

तुझे बाबा बारीक झालेत. तब्येत चांगली आहे, काळजी करू नकोस. जिना अजून माझ्यापेक्षा भराभर उतरतात. पण दवाखाना बंद केल्यापासून घर फार शांत झालंय. दात काढायची ती खुर्ची अजून पुढच्या खोलीत आहे. तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतात. दार उघडून म्हणाले, “या विहीणबाई,” आणि मग दोघंही थोडं गडबडलो.

“बसा,” ते म्हणाले.

मी बसले नाही. बसलं की चहा येतो, चहा आला की हवापाणी येतं. उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं, तारखेसकट.

त्यांनी चष्मा काढला. “पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला जास्त जड गेलं.

“म्हणजे ती खरं बोलत होती.”

“हो.”

“आणि तुम्हाला तेव्हाही माहीत होतं.”

“हो.”

“अडीच वर्षं लागली तुम्हाला, शरयूताई?”

मी ‘हो’च म्हणाले. ते बोलतील तेवढं ऐकून घ्यायचं असं घरून ठरवून निघाले होते. पण ते माझ्यावर ओरडले नाहीत. रद्दी बाजूला सारून त्या खुर्चीच्या कडेवर बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “मी तिला विचारलंसुद्धा नाही. मुलगी माझी, आणि साक्ष तुमची धरली.”

मग त्यांनी मला सांगितलं, की तुम्ही दोघं आता फक्त दिवाळीला आणि वाढदिवसाला बोलता. तीन मिनिटं. औषधं घेतली का, पाऊस आहे का. मागच्या वर्षी तुला ताप होता हे त्यांना तू बरी झाल्यावर कळलं. शेफाली, तू घर सोडलंस ते मला दिसत होतं. पण तुझं माहेर माझ्या त्या एका वाक्याने इतकं गेलं असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणते.

मी विचारलं, “फोन लावू का तिला? आत्ता?”

“नको,” ते म्हणाले. “तिला खोटी म्हणालो ते चारचौघांत, तोंडावर. आता ते फोनवर निस्तरू? आसामला गाडी किती दिवस घेते?”

मी म्हणाले, मला नाही माहीत, खाली आमोद आहे, त्याला माहीत असेल. ते एकदम ताठ झाले. मला वाटलं, आता आपल्यालाही जा म्हणतील. पण त्यांनी गॅलरीत जाऊन स्वतःच खाली हाक मारली. पंधरा मिनिटांनी आमोद वर आला. दारातच उभा राहिला.

“बूट काढ आणि आत ये,” तुझे बाबा म्हणाले. “विमानाचं तिकीट काढता येतं का तुला त्या फोनवर?”

ते दोघं टेबलापाशी शेजारी शेजारी बसले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमोद तारखा वाचत होता आणि तुझे बाबा प्रत्येक तारखेला काहीतरी अडचण काढत होते. चौदाला नको, दात दाखवायला एक जुने पेशंट यायचेत. “तुम्ही तर दवाखाना बंद केला,” आमोद म्हणाला. “मी बंद केला, त्यांनी नाही.” आणि वीस तारखेला मतदान आहे, ते केल्याशिवाय पुणं सोडणार नाही.

“खिडकीची सीट की कडेची?”

“सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसतोय. विचारायची गोष्ट आहे का ती?”

शेवटी एकवीसचं ठरलं. निघताना आमोद चपलांच्या कपाटापाशी थांबला आणि म्हणाला, “बाबा, मी तिला जा म्हणालो होतो.” तुझे बाबा म्हणाले, “कळलं ते. बूट घाल, तुझी आई उभी आहे मघापासून.” पण ते म्हणाले तेव्हा त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता.

आमोदच्या वतीने मी ह्या पत्रात काही लिहिणार नाही. तो तुला लिहील की नाही, ते त्याचं तो बघेल. त्याच्या वतीने एकदा बोलले, तेवढं पुरे झालं.

एक राहिलं. हे मी अमिनाबींना सांगितलं नाही, तुझ्या बाबांना नाही, आमोदलाही नाही. सगळे धरून चाललेत, की मी मुलासाठी खोटं बोलले. मीही त्यांना तसं धरू दिलं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. ते खरं नाही. आमोद रागावला असता तर चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी भूक लागल्यावर बोलला असता. त्याची मला भीती नव्हती.

मला तू जायला नको होतीस, शेफाली. माझ्या मनात त्या क्षणी एवढंच होतं. आमोद नाही म्हणतोय, मी गप्प राहिले तर ही थांबेल, दोन वर्षं तरी घरातच राहील, रविवारी साडेसहाला माझं दार वाजवेल. तुझ्या सासऱ्यांच्या मागे ज्या माणसाशी मी मनापासून बोलत होते ते तू होतीस. तुला ठेवून घ्यायला म्हणून मी खोटं बोलले आणि त्याच खोट्याने तुला घालवलं. तू गेल्यावर कित्येक महिने मी तुझ्यावर रागावले होते, हेही खरं. गंमत आहे की नाही? चोरी मी केली आणि रुसलेही मीच.

आता रागावलेली नाही. दुःखीही नाही, खरं सांगायचं तर. आज सकाळी उठून चहा केला, गॅलरीत बसले, आणि बऱ्याच वर्षांनी चहा गरम असतानाच प्यायला गेला. सांगून टाकलं म्हणून मोकळं वाटतंय, त्याचीही थोडी लाज वाटते. मोकळं तुला वाटायला हवं होतं. मला क्षमा कर असं लिहिणार नाही. ते मागितलं की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय. उत्तर नाही आलं तरी मी समजेन. आलं तर अमिनाबींना वाचून दाखवेन, चालेल ना? त्यांनी तुझं नाव ‘पाणीवाली’ ठेवलंय. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा आंबेदऱ्याला जाणार आहोत. अलिझाने आमच्या दोघींच्या गळ्यात शिट्ट्या अडकवायचं ठरवलंय.

आता कामाचं. तुझे बाबा गुरुवारी, २१ तारखेला निघतील. त्या दिवशी गुवाहाटीला मुक्काम, आणि शुक्रवारी सकाळी टॅक्सीने तेजपूर. दुपारपर्यंत तुझ्या दारात असतील, बोटाला शाई असेल. हे तुला अजिबात कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. तू ‘येऊ नका’ म्हणशील याची त्यांना धास्ती आहे. पत्ता त्यांनीच लिहून दिला तो आमोदने ठरवलेल्या टॅक्सीवाल्यासाठी, मी तो बघून ठेवला. मी त्यांना ‘कळवणार नाही’ असं म्हणाले नाही, फक्त ऐकून घेतलं. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की हे स्पीड पोस्टाने टाकते. गप्प राहायचं होतं तेवढं माझं राहून झालं.

शुक्रवारी घरी राहा. ते आल्या आल्या बोलायला सुरुवात करतील, दारातच, पाणीसुद्धा घेणार नाहीत. वाक्य त्यांनी काल माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा मध्येच अडकलं. अडकलं तर अडकू दे. तू पुरं करू नकोस. त्यांना पुरं करू दे.

आणि हे पत्र ठेव. कुणालाही दाखव, कुणी कधी विचारलं तर समोर धर. म्हणून खाली नुसतं ‘आई’ न लिहिता पूर्ण नाव घातलं आहे. साक्षीला तसंच घालतात.

शरयू मधुकर केळकर